एकोणतिसाचा पाढा

४ मार्च

प्रिय खारूताई,

कशी आहेस? पाठ काय म्हणते तुझी? दिवसभर उभ्याने काम करून भरून येते असं जावईबापू मागे म्हणाले होते. त्यांचा खोकला गेला का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? आता त्यांना सगळं लख्ख दिसत असेल, म्हणजे कपाटावरची धूळसुद्धा, तेव्हा तू सांभाळ. धाकटीचे पुढचे दात आले का? मोठी अजून रुसली की कपाटात जाऊन बसते का? बसत असेल तर तिला ओरडू नकोस. ती तुझ्यावर गेली आणि तू तुझ्या आईवर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्याकडे मुळात सुंभच जळत नाही.

माझं विचारशील तर दोन्ही गुडघ्यांनी एकदमच संप पुकारलाय. शिलाई मशीन पायाने चालवायचं सोडलं, मोटर बसवून घेतली. दुकान आता निम्मा वेळच उघडं असतं. उरलेला निम्मा वेळ मी तुझ्या आईकडे असते.

तेच कळवायला लिहितेय. तुझी आई तिच्याच वॉर्डात आहे. नोकरीला नव्हे, खाटेवर. दुखणं पाठीच्या मणक्यात आणि कमरेच्या हाडांत उतरलंय. यापुढे इलाज नाही, आराम तेवढा द्यायचा, असं चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सरळ सांगितलं. ही मुलगी तुझ्या आईच्याच हाताखाली तयार झाली, त्यामुळे आडपडदा नाही. तुझ्या आईला तर तिच्याआधीच कळलं होतं. स्वतःचे एक्स-रे उजेडात धरून म्हणाली, "हं. आता माझी पाळी."

खोली छान आहे. खिडकीतून समोरच्या शाळेचं पटांगण दिसतं. खाणंपिणं जेमतेम, पण जीभ शाबूत. परवा फिजिओथेरपीवाल्याला म्हणाली, "बाळा, तू पाय हलवतोयस की पंप मारतोयस?" दुखत नाही म्हणते. दिवसभर पडल्यापडल्या पाढे पुटपुटते, लहानपणी म्हणायची तसे.

तुला बोलावण्याचा माझा हट्ट नाही. एवढंच म्हणते की, यायचं मनात असेल तर मनात ठेवू नकोस. पोस्टातली मुलगी म्हणाली, पत्र पाच-सहा दिवसांत पोचेल.

तुझी,
मोठी मावशी


१४ मार्च

प्रिय खारूताई,

पत्र पोचलं असणार. फोन तू उचलत नाहीस. मोबाईलवर निरोप टाकला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. त्या खुणा काढल्या कोणी? पूर्वी पत्राचं उत्तर आलं नाही तर माणूस म्हणायचं, हरवलं असेल टपालात, आणि मनाची समजूत घालायचं. आता तीही सोय राहिली नाही. तू वाचलंस, हे मला कळतं. तू वाचलंस हे मला कळलं, हे तुला कळतं. नुसता पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा धंदा.

रागावलेय मी, आणि एकट्या तुझ्यावर नाही.

तुझी आजी गेली तेव्हा तू जन्मायची होतीस. मोठ्या इस्पितळात तिची खाट ओळीत शेवटची, मोरीच्या दाराशी होती. भोवती हिरवा पडदा. बड्या डॉक्टरांची फेरी यायची ती अलीकडच्या खाटेपाशी वळून परत जायची. बरं होणाऱ्यांकडे बघायलाच त्यांना वेळ पुरत नव्हता, मरणाऱ्याकडे कोण बघणार? आजी विचारायची, "मी जाणार आहे का गं?" आणि आम्ही दोघी बहिणी एका सुरात म्हणायचो, "छे, काहीतरीच काय!" इस्पितळाने तसं बजावलंच होतं, पेशंट खचतो म्हणून. तिला कळत होतं. आम्हाला कळत होतं की तिला कळतंय. तरी शेवटपर्यंत तिघींनी नाटक केलं, आणि एकमेकींशी खरं बोलायचं राहून गेलं ते गेलंच.

तुझी आई तेव्हा नर्सिंग शिकत होती. त्या पडद्याआडच तिने ठरवलं की आपण हे असं करायचं नाही. पुढे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या, त्यात चार खाटा. शेजारीपाजारी म्हणायचे, मरणाचं दुकान काढलंय. दुखण्यावरचं कडक औषध आणायला गेलं की औषधवाला आम्हाला चोर समजायचा. परवानगीवर परवानगी, कपाटाला दोन कुलपं, आणि दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे ठेवायच्या नाहीत. मी तिथल्या पेशंटांना खांद्यावर बटणं असलेले झगे शिवून दिले, म्हणजे हात वर न करता घालता येतात. पण हे तुला कशाला सांगू? त्या झग्यांची बटणं तूच निवडायचीस, आणि चांगली चांगली गालात लपवायचीस. म्हणून तर खारूताई.

आता त्या दोन खोल्यांचा इस्पितळातला अख्खा मजला झालाय. मऊ दिवे आहेत, माशांची काचपेटी आहे, मनाचं ऐकणाऱ्या वेगळ्या बाई आहेत. आणि तुझ्या आईने घालून दिलेले नियम तर तिच्यापेक्षा कडक पाळले जातात. पहिला नियम, पेशंटशी खोटं बोलायचं नाही. दुसरा, उभ्याने बोलायचं नाही, स्टूल ओढून बसायचं. तिसरा सगळ्यात मोठा, आपलं दुखणं किती हे माणूस स्वतः सांगेल तेच खरं. डॉक्टरने ठरवायचं नाही, नर्सने ठरवायचं नाही, नातेवाइकाने तर नाहीच. हा नियम तिने केला कारण आजी कण्हायची आणि नर्स म्हणायची, "एवढं काही दुखत नसतं हो." चांगलाच नियम आहे. आता तोच आमच्या उरावर बसलाय.

काय होतं बघ. सकाळी एक जण येतो, स्टूल ओढतो, मऊ आवाजात विचारतो, "सिस्टर, आज किती दुखतंय?" आणि चेहऱ्यांचं कार्ड पुढे धरतो. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे, तुझ्या आईनेच पूर्वी काढलेले. ती हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवते. तो "बरं" म्हणून लिहून घेतो. दुपारी दुसरी येते, स्टूल, मऊ आवाज, हसरा चेहरा. परवा तुझी आई कातावून म्हणाली, "अरे, एखाद्याने तरी उभं राहून ओरडा रे माझ्यावर! अंगावर साय धरलीय तुमच्या बोलण्याची." ते सगळे मऊ मऊ हसले.

आणि ती पाढे म्हणतेय.

कोणता पाढा ते मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. एकोणतिसाचा. आता तरी तुला काही आठवतंय का?

पत्र लिही. मोबाईलवर अंगठा पाठवू नकोस. अंगठा दाखवलाच आहेस आतापर्यंत.

मोठी मावशी


२२ मार्च

खारूताई,

या खेपेला प्रकृतीची विचारपूस नाही. सगळे बरे असाल असं धरून चालते.

तुझ्या आईने मला शब्दात बांधून ठेवलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती दिवस खायचा? आज शब्द मोडते. तुला हे कळवलं तर ती माझ्याशी बोलणं टाकेल, असं म्हणालीय. टाकू दे. वेळ थोडा राहिलाय, त्यात अबोला तरी कितीसा धरणार?

तिला दुखतंय. भयंकर दुखतंय. लहानपणी कान फुटला होता तेव्हा आई ओरडेल म्हणून ती रडायची नाही, गोधडीत तोंड खुपसून एकोणतिसाचा पाढा म्हणायची, कारण तो सगळ्यात अवघड आणि सगळं डोकं त्यातच अडकतं. तुझ्या वेळच्या बाळंतपणात दाई कौतुक करत होती की बाई शांत आहे. मी उशाशी होते, मी ऐकत होते. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. आता सकाळी कूस बदलली की सुरू होतो तो जेवणापर्यंत. चादरीची कड चावून तिने दशा काढल्यात, आणि कार्डावर बोट मात्र हसऱ्या चेहऱ्यावर.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं. त्यांना ठाऊकच होतं. म्हणाल्या, "मावशी, कपाळावरचा घाम मलाही दिसतो. मी त्यांना रोज सांगते, मला तुमचं खरं वाटत नाही. त्या म्हणतात, तिसरा नियम काय ते पाठ म्हणून दाखव. शुद्धीतलं माणूस नको म्हणतंय. माझ्याच बाईंच्या घशात मी जबरदस्तीने औषध कसं ओतू?" आणि चष्मा पुसत बसल्या. त्यांना तरी काय बोलणार?

काल दुपारी मग मीच भांडले.

"घे ना गं एक चमचा."

"नको म्हटलं ना."

"दुखतंय तुला."

"दुखत नाही."

"मग पाढे कसले म्हणतेस? उद्या गणिताचा पेपर आहे?"

"डोकं ताजं राहतं."

"ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं! जगभर औषध वाटत फिरलीस, लोकांना भाषणं दिलीस की सहन करण्यात काही मोठेपणा नाही. ते काय फक्त लोकांसाठी?"

तेव्हा तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "ताई, ती आली आणि मी घोरत असले तर?"

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"एकदा झालं ते झालं," ती म्हणाली. "झोपलेलं माणूस तिला दुसऱ्यांदा नाही दाखवायचं."

कळलं ना आता? तुझ्या बाबांच्या वेळेचं ती अजून उराशी धरून बसलीय. तू रात्रभर प्रवास करून आलीस आणि बाबा तिने दिलेल्या सुईने झोपलेले, ते पुन्हा उठलेच नाहीत. सगळं आटोपल्यावर तू स्वयंपाकघरात उभी राहून तिला म्हणालीस, "तू त्यांना माझ्या येण्याआधी गप्प केलंस. तुझ्या शहाणपणापायी माझं बोलणं राहिलं." आणि गेलीस ती गेलीस. त्यानंतर फक्त जावईबापूंचे फोन.

कोण बरोबर, मला विचारू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणतात, शेवटाला शरीर आपणहूनच झोपेत जातं, औषध न देताही जातं. त्याचबरोबर हेही म्हणतात की त्या काळी हात जड होता. सुई एक, मात्रा ठरलेली, आणि घाई. आता थेंबाथेंबाने वाढवता येतं, दुखणं खाली आणि डोळे उघडे असं बरंचसं जमतं. हे सगळं तुझ्या आईला पाठ आहे, तिनेच तर यांना शिकवलं. पण कळतं ते वळत नाही. "बरंचसं म्हणजे सगळं नव्हे," म्हणते. "त्याच अर्ध्या तासात ती आली तर?"

म्हणजे हिशोब असा झालाय, की तू जितके दिवस गप्प, तितके दिवस ती पाढे म्हणणार. तू तिकडे बसून काही करत नाहीयेस असं तुला वाटत असेल. करतेयस.

कडू लिहिलं. खोडणार नाही. ये, किंवा येत नाही म्हणून कळव. नकार आला तर निदान ती वाट बघणं सोडेल आणि चमचा तोंडात घेईल. होकार दे, नकार दे, पण काहीतरी दे गं.

मावशी


२७ मार्च

प्रिय खारूताई,

तुझं उत्तर नाहीच. तेव्हा तुझ्या वतीने मीच दिलं. काय केलं ते सांगते, मग हवं तेवढं रागाव.

परवा मी दुकानातून थेट तिच्याकडे गेले. पिशवीत एका गिऱ्हाइकाच्या मापांचा कागद होता, चौपदरी घडी घातलेला. तिचा पाढा चालूच होता, आवाज आता इतका बारीक की ओठांवरूनच ओळखायचा. मी तिच्या खाटेपाशी उभी राहिले आणि म्हणाले, "पत्र आलंय."

पाढा थांबला.

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? वाट कोणाची बघतेयस?"

मी चष्मा लावला, मापांचा कागद उघडला आणि वाचायला लागले. छाती छत्तीस, कंबर तीस, त्याच्यावर नजर ठेवून मी म्हणत होते, "प्रिय आई, मावशीची पत्रं मिळाली. माझी पाठ बरी आहे. यांचा खोकला गेला. सासूबाईंना आता सगळं दिसतं, फार दिसतं. धाकटीला दात आले. मोठी अजून कपाटात बसते." इथवर सोपं गेलं. मग पाणी प्यायले. "आई, मी येते. मी पोचेन तेव्हा तू झोपलेली असलीस तरी चालेल. मी शेजारी बसेन. औषध घे."

"एवढंच?"

"एवढंच. कामाच्या गडबडीत लिहिलंय."

"अक्षर कसं आहे?"

"तसंच. मुंग्यांची रांग."

तिने हात पुढे केला. "दाखव."

मी म्हटलं, "चष्म्याशिवाय तुला काय कपाळ दिसणार?" आणि कागद पिशवीत कोंबला. चष्मा तिच्या उशाशीच होता. मलाही दिसत होता, तिलाही.

तिने एकदा माझ्या पिशवीकडे पाहिलं. खाली शाळा सुटली, पोरांचा गलका झाला आणि ओसरला. मग म्हणाली, "आपण आईला काय सांगायचो, आठवतं?"

"छे, काहीतरीच काय."

"म्हणून मी पहिला नियम केला."

मी मान खाली घातली. आता हिच्या तोंडून काय काय ऐकावं लागणार म्हणून पिशवीचा बंद पिळत उभी राहिले.

"आणि तिसरा कोणता?" तिने विचारलं.

"माणूस स्वतः सांगेल तेच खरं."

"मग झालं. तू सांगतेयस ना, ती येते म्हणाली?"

"हो."

"मग खरं." आणि तिने स्वतःच्या हाताने घंटी दाबली. डॉक्टरीणबाई आल्या, स्टूल ओढू लागल्या, तर त्यांना म्हणाली, "बसू नकोस, कार्ड आण." आणि चेहऱ्यांच्या कार्डावर शेवटच्या, तोंड वाकडं करून रडणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. डॉक्टरीणबाई औषध आणायला वळल्या, आणि वळताना त्यांनी माझा खांदा इतका दाबला की अजून दुखतोय.

थोडं थोडं करून देताहेत. ती झोपली, पण चहाच्या वेळेला जागी झाली आणि पहिलं वाक्य, "हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी?" कपाळाला घाम नव्हता. नव्या चादरीची कड तशीच धड होती. आज दिवसभरात एकोणतिसाचा पाढा मी एकदाही ऐकला नाही. मीच मघाशी मनात म्हणून पाहिला, तर पाचाशीच अडखळले. ही बाई तो इतके दिवस कसा ओढत होती कोण जाणे.

पण डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं की शरीराची आपली झोप आता सुरू होईल. रोज थोडी जास्त, औषध असो नसो. तेव्हा तू येशील तेव्हा ती झोपलेली असेल, असंच धरून चल. तुझ्या बाबांसारखीच. या वेळी मी आधी सांगून ठेवतेय, मागाहून स्वयंपाकघरात उभं राहून कोणी कोणाला बोलायला नको. तू तरीही बसू शकशील का, हे मात्र तुझं तुलाच बघायचंय. तुला रागवायचा हक्क नाही असं मी म्हणत नाही. बाबांशी बोलायचं राहिलं ते राहिलंच. त्याची भरपाई ना तिच्याकडे आहे ना माझ्याकडे. भांडण असेल तर घेऊन ये. तिच्या उशाशी बसून भांड. सगळ्यांच्या मऊ बोलण्याला ती इतकी विटलीय की झोपेतसुद्धा तिला बरं वाटेल.

उठली की पहिलं विचारते, "पोस्टमन येऊन गेला का?" काल म्हणाली, "तारीख लिहायची राहिली असेल तिची. दुसऱ्या पत्रात येईल." बघ, माझ्या खोट्याला तीच ठिगळं लावतेय. आणि चष्मा आता उशाशी नसतो, हातात धरून झोपते.

तेव्हा लवकर लिही. तुझ्या हाताने, त्या मुंग्यांच्या रांगेत. काय लिहायचं सुचत नसेल तर वर सगळं दिलंच आहे, खोकल्यापासून कपाटापर्यंत, नुसतं उतरवून काढ. पटत नसेल ते गाळ, पण उलट टपालाने पाठव. मी वाचून दाखवलेलं पत्र तू अजून लिहिलेलं नाहीस, एवढंच काय ते बाकी आहे.

तुझी,
मोठी मावशी